दमा लपवून तासगावला

तासगावाकडे जायचं तर बरोबर काय न्यावं, असं मला हल्ली कुणी विचारलं, तर मी सांगतो, आपला आजार न्या. तो घरी ठेवून जाता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

मी महाडच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर. दमा मला नवव्या वर्षापासून आहे आणि फळ्याचा खडू बावीस वर्षांपासून. दोघांचं चांगलं जमतं. आमच्या सुमनचं लग्न तासगावाजवळच्या एका बागाईतदार घरात ठरलं, तेव्हा हा दमा आम्ही व्याह्यांपासून लपवला. दमा रक्तातून उतरतो असं लोक म्हणतात. दमेकऱ्याची मुलगी कोण करून घेणार, अशी आमच्या मंडळींना, म्हणजे सुमनच्या आईला, धास्ती होती आणि मला मंडळींची. लग्न वैशाखात झालं. मुहूर्त भटजींनी काढला असं सगळ्यांना वाटतं. तो खरं म्हणजे माझ्या छातीनं काढला होता, कारण वैशाखात ती सगळ्यात शहाण्यासारखी वागते. सुमनला आईनं देवापुढं उभं करून शपथ घातली होती, की सासरी बाबांच्या दम्याचा शब्द काढायचा नाही.

पुढल्या फाल्गुनात सुमनला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा तिला आणायला जाणं आलं. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराची ही गोष्ट. मंडळींचा पाय मुरगळलेला, म्हणून मी एकटाच निघालो.

मला रोज एक बारीक पांढरी गोळी घ्यावी लागे. तिनं दमा दबतो, पण तोंड पुरीसारखं फुगतं. आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की ही गोळी मनानं एकदम सोडायची नाही. पण व्याह्यांपुढं हे फुगलेलं तोंड कसं न्यायचं, आणि त्यांच्या घरी रोज सकाळी भिंतीकडे तोंड करून काय गिळायचं? निघण्याच्या आठ दिवस आधी मी गोळी बंद केली. तोंड जरा उतरलं. आरशात पाहून मी खूश झालो, आणि मंडळींनी पिशवीत घातलेल्या दोन्ही बाटल्या, रोजची आणि धाप लागल्यावर घ्यायची, गुपचूप काढून रंगांच्या पेटीत ठेवल्या. बावन्न वर्षांच्या माणसानं इतकं नटावं, तेही व्याह्यांसाठी, याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं.

आंबेनळीचा घाट

पोलादपूर सोडल्यावर गाडी वर चढू लागते आणि माणूस हळूहळू आपल्या वजनातून सुटत जातो. खाली सावित्रीचं खोरं धुक्यात बुडालेलं. एकामागे एक डोंगर, पुढला हिरवा, त्यामागचा निळा, त्यामागचा नुसताच पाण्यात कुंचला बुडवून ओढल्यासारखा. मुलांना मी वर्षानुवर्षं हेच शिकवत आलो, की लांबचा डोंगर फिका काढा. पण इतका फिका डोंगर मी कधी काढला नव्हता. पांगारा फुललेला होता; पानं नाहीत, नुसती लाल फुलं, आणि त्यांच्यामागे पोकळी. गाडी वळली की ती पोकळी आपल्या बाजूला यायची आणि पुढच्या वळणावर दुसऱ्या बाकाला जायची.

महाबळेश्वरला गाडी थांबली तेव्हा हवा गार होती. सुमनसाठी एक करंडी स्ट्रॉबेरी घेतली. पायऱ्या उतरताना छाती जरा आवळली, जणू कुणी आतून सदऱ्याचं शेवटचं बटण लावलं. मी म्हटलं, घाट चढून आलोय, उंची आहे. बस चढून आली होती, मी बसलो होतो. पण हा मुद्दा त्या वेळी सुचला नाही. पाचगणी, पसरणीचा घाट, वाई. खाली कृष्णा उन्हात चकाकत होती आणि करंडीतली निम्मी स्ट्रॉबेरी माझ्या पोटात गेली होती.

सातारा

साताऱ्याला एका वर्गमित्राकडे उतरलो. पहाटे खोकल्यानं जाग आली. उठून बसलो तेव्हा जरा बरं वाटलं, म्हणून खिडकीशी बसूनच राहिलो. समोर अजिंक्यतारा अंधारातून वर येत होता. आधी नुसती आकृती, मग तट, मग तटावरची झुडपं. खाली रस्त्यानं पेन्शनर फौजी फिरायला निघालेले, हातात काठ्या, पाठी ताठ, पावलं अजून एका तालात. हे सगळं इतकं संथ आणि सुंदर होतं, की मी खोकल्याचे उपकार मानले.

आज कळतं की ती पहिली सूचना होती. दमा पहाटे उठवायला लागला, की समजावं तो कुठेतरी निघाला आहे. दुसरी सूचना जिन्यात मिळाली. चौदा पायऱ्यांच्या जिन्यावर मी तीनदा थांबलो आणि तिन्ही वेळा मित्राला भिंतीवरच्या जुन्या छायाचित्रांबद्दल विचारलं. त्याला वाटलं, काय हा रसिक माणूस. निघताना त्यानं कंदी पेढ्यांचा पुडा दिला. तिथे माझ्या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळाल्या असत्या. ते दुकान एसटी स्टँडच्या समोरच होतं. मी त्याच्या शेजारच्या दुकानातून रुमाल विकत घेतला.

व्याह्यांचं गाव

कराड, विटा करत दुपारी तासगाव. तिथून पाच मैलांवर गाव. आमच्याकडे घर झाडांत लपलेलं असतं. इथे झाड लपायचं तर घर शोधतं. सपाट, मोठं, उघडं रान. मधूनच उसाचा हिरवा तुकडा, आणि मग द्राक्षांचे मांडव, खांद्याएवढ्या उंचीवर पसरलेली हिरवी सावली, तिच्याखाली वाकून चालणारी माणसं. वरून पाहिलं तर एखादं तळं हलतंय असं वाटावं.

आमचे व्याही आप्पा म्हणजे साडेसहा फुटांचा, पांढऱ्या मिशांचा, मोठ्यानं बोलणारा माणूस. हळू बोलणं त्यांना आजारपणाचं लक्षण वाटतं. विहीणबाईंना सगळे आक्का म्हणतात. त्या बोलतात कमी आणि वाढतात जास्त. जावई फौजेत, तेव्हा आसामकडे कुठेतरी. शाळूची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, अख्खा मसूर, वर दह्याची वाटी. कोकणातला माणूस भाताचा ढीग संपवून हात धुतो. इथे भाकरी संपली असं वाटेपर्यंत दुसरी ताटात पडलेली असते. मी नको म्हटलं, की आप्पा म्हणत, "आवं मास्तर, लेकीच्या घरी लाजताय व्हय?" आणि तिसरी पडायची.

सुमन पदर खोचून ताक घुसळत होती. तिची भाषा वर्षभरात बदलली होती. ती 'आत्याबाई, दूध उतू चाललंय बघा' असं म्हणाली, ते मला परक्या बाईचं वाटलं. एकटं गाठून तिनं हळूच विचारलं, गोळ्या आणल्यात ना? मी म्हटलं, आणल्यात. तिनं माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. लहानपणी ती माझ्या शेजारच्या खोलीत निजायची आणि माझी छाती वाजायला लागली की त्या तालावर झोपायची, असं आमच्याकडे गमतीनं सांगतात. त्या छातीबद्दल तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बेदाण्याचं शेड

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा मला बेदाणा दाखवायला घेऊन गेले. गावात बेदाणा करणारे ते पहिलेच. त्यामुळे पाहुणा आला की शेड दाखवल्याशिवाय त्याला चहासुद्धा मिळत नसे.

ती जागा मी अजून स्वप्नात पाहतो. लांबलचक शेड, बाजूंनी उघडं, आणि आत एकावर एक बांधलेल्या जाळ्या, माळ्यावर माळा. प्रत्येक जाळीवर द्राक्षं वाळत टाकलेली. खालच्या माळ्यावर हिरवी, वरच्या माळ्यावर पिवळट, आणि सगळ्यात वर मधाच्या रंगाची. उन्हाच्या तिरप्या पट्ट्या आत येत होत्या आणि दाणे आतून पेटल्यासारखे दिसत होते. वाऱ्याला गोड, जरा आंबूस वास. मी उभा राहिलो आणि मनातल्या मनात पिवळ्या रंगाच्या छटा मोजू लागलो. अकरापर्यंत मोजल्या.

शेडच्या टोकाला मातीनं लिंपलेली, बिनखिडकीची खोली होती. आप्पा म्हणाले, खरी गंमत इथे आहे. माल नुसता वाळवला तर काळा पडतो आणि व्यापारी नाक मुरडतो. म्हणून या खोलीत घड ठेवायचे, तव्यात गंधक पेटवायचं आणि दार लिंपून घ्यायचं. त्या धुरीनं सोन्याचा रंग चढतो. धुरी अजून चालू होती. दार उघडायची वेळ झाली नव्हती. पण कोकणातून व्याही आलेत, तेव्हा आप्पांनी माती फोडली आणि दार ढकललं. "बघा," ते म्हणाले, "आत वाकून बघा."

पिवळट धूर जमिनीवरून सरपटत बाहेर आला. मागे हटायला हवं होतं. पण व्याही इतक्या हौसेनं दाखवतायत, तेव्हा त्यांच्या तोंडावर नाकाला रुमाल कसा लावायचा? मी वाकलो, आत डोकं घातलं आणि "वा" म्हणालो. हा शब्द म्हणायला श्वास आत घ्यावा लागतो. तो मी घेतला.

दुपार

घरी येईपर्यंत छातीत शिट्टी सुरू झाली होती. आक्का ताट वाढताना थबकल्या आणि त्यांनी विचारलं, की पाहुण्यांच्या अंगात ही सनई कुठून वाजतेय. मी सांगितलं, महाबळेश्वरची सर्दी. चार घास गिळले. एकेक वाक्य दोन तुकड्यांत येऊ लागलं होतं, म्हणून मी बोलणंच बंद केलं आणि मान हलवून उत्तरं देऊ लागलो. आप्पांना वाटलं, मास्तर जेवणात रंगलेत.

मग या घरानं माझ्यावर जी माया केली, ती सगळी उलट्या दिशेनं केली. सर्दीवाल्या माणसाला करतात तसं. माजघरात पलंग टाकला, खिडक्या लावल्या, अंगावर दोन घोंगड्या, छातीला तेल, उशाशी शेगडीत ओव्याची धुरी. मी आडवा झालो की जीव कोंडायचा, म्हणून उशीवर कोपर टेकून तिरका पडून राहिलो. आक्कांनी आप्पांची झोपेची गोळी आणून उशाशी ठेवली, की ही घ्या, डोळा लागला की सर्दी पळंल. सुमन दारात उभी होती. तिचे डोळे मला विचारत होते आणि माझे डोळे तिला शपथेची आठवण देत होते. मी हातानं खूण केली, जा. ती स्वयंपाकघरात गेली.

शिट्टी कितीतरी वेळ वाजत होती. आणि मग थांबली.

हा क्षण मी नीट सांगतो, कारण तो मला फार आवडला होता. शिट्टी थांबली तेव्हा मला वाटलं, संपलं, सुटलो. अंग हलकं झालं. घोंगडीवरचे काळे-पांढरे पट्टे घाटातल्या डोंगरांसारखे मागे मागे फिके होत गेले. शेगडीचा धूर कवडशातून वर चढत होता आणि मी त्याच्याबरोबर चढत होतो. बाहेर आप्पा कुणाला तरी दटावत होते, की पावण्यांस्नी झोप लागलीया, गप बसा. मी हसलो. झोपेची गोळी हातात घेतली होती. पाण्याचा तांब्या जरा लांब होता आणि तेवढा हात पोचवायचा कंटाळा आला, म्हणून ती तशीच मुठीत राहिली. माझ्या आळसाचा माझ्या आयुष्याला झालेला हा एकमेव उपयोग.

मी झोपलोय असं साऱ्या घराला वाटत होतं. एका सुमनला तसं वाटलं नाही. भांडी घासता घासता तिचे हात थांबले. तिनं नंतर मला सांगितलं, की एकदम सगळीकडे फार शांत झालं. ती धावत माजघरात आली, माझं तोंड पाहिलं, आणि ओसरीवर सासू-सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. बोलताना तिचा आवाज चढला नव्हता.

"बाबांना दमा आहे," ती म्हणाली. "लहानपणापासून आहे. आम्ही लपवला. मला काय बोलायचं ते मागनं बोला, पण आधी हवालदारांना बोलवा."

हवालदार

हवालदार धोंडीराम शेजारच्याच घरात राहत. फौजेच्या इस्पितळांत नर्सिंगचं काम करून पेन्शनीवर आलेले. ते आले, त्यांनी आधी खिडक्या उघडल्या, शेगडी बाहेर फेकली आणि माझ्या मुठीतली गोळी काढून घेतली. झोपेच्या गोळीनं हा माणूस श्वास घ्यायचंच विसरला असता, असं ते आक्कांना म्हणाले. मग मला उचलून खुर्चीवर उलटं बसवलं, पाठीकडे तोंड करून, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून पुढं झुकलेलं. घोड्यावर बसलेल्या नवरदेवासारखा दिसत असेन.

"पावणं, पुरं नाव-गाव सांगा," ते म्हणाले.

मी नाव सांगायला लागलो. पहिलं अक्षर, श्वास. दुसरं अक्षर, श्वास. आडनावापर्यंत पोचलोच नाही. त्यांनी माझी नखं पाहिली, ती निळसर झाली होती. गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता, तो आप्पांना बोटानं दाखवला. नाडी धरून घड्याळ पाहिलं. शेवटी पाठीला कान लावला.

"आत कायच वाजत न्हाई," ते म्हणाले.

"मंजी बरं हाय की," आप्पा म्हणाले.

"आप्पा, वारा आत-भायेर जातोय तवर वाजतं. आता वाराच जाईना झालाय. ट्रॅक्टर काढा, इथं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

त्यांनी निजवू दिलं नाही. ट्रॉलीत वळकटी ठेवली आणि तिच्यावर ओणवं बसवून पाठीमागून मला दोन्ही हातांनी धरलं. रस्त्याची धूळ येऊ नये म्हणून आपला पंचा भिजवून माझ्या नाकातोंडापुढं धरला. सुमन चढायला निघाली तशी आक्कांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. ती दारात उभी राहिलेली मला दिसली, दोन्ही हात पोटावर, आणि मग ती लहान होत गेली.

ते पाच मैल मला पाण्याखालून गेल्यासारखे आठवतात. सावित्रीच्या डोहात लहानपणी बुडी मारून डोळे उघडायचो, तसला हिरवा उजेड. दोन्ही बाजूंनी द्राक्षांचे मांडव वाहत होते. वर घडच्या घड टांगलेले, एकेक दाणा दिव्यासारखा. मंडळी महाडला रंगांची पेटी उघडून काहीतरी शोधतायत असं वाटलं, आणि मला त्यांना रंगाचं नाव सांगायचं होतं, पण ते आठवेना. हवालदार मागून सारखे बोलत होते, जागं राहा, श्वास बाहेर सोडा, तोंड शिट्टी मारल्यागत करून हळू सोडा. त्यांचा आवाज फार दुरून येत होता. मला भीती वाटत नव्हती. तीच सगळ्यात वाईट गोष्ट होती, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. ज्याला धाप लागलीय तो घाबरतो आणि धडपडतो. धडपड थांबून माणूस गुंगायला लागला, की हाताशी मिनिटं उरलेली असतात.

दवाखाना

तासगावचा डॉक्टर तरुण होता, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा. त्यानं एक शब्द न विचारता नळी नाकाला लावली, सिलिंडरची चावी फिरवली आणि दंडात कातडीखाली एक बारीकसं इंजेक्शन दिलं. मग शिरेतून दुसरं. ते इतकं हळू, की मी त्या धुंदीतही वैतागलो. तो घड्याळाकडे पाहत थेंबाथेंबानं पिचकारी दाबत होता. हे औषध भरकन दिलं तर हृदय बंद पडतं, असं तो हवालदारांना सांगत होता. त्यानंतर तिसरं, सूज उतरवणारं. त्याचा गुण यायला काही तास लागतात, म्हणून ते उशीर न करता आधीच द्यायचं.

बऱ्याच वेळानं माझ्या छातीत पुन्हा शिट्टी वाजू लागली. बाहेर बाकावर बसलेल्या आप्पांनी ती ऐकली आणि ते धडपडत आत आले, की परत सुरू झालं. डॉक्टर हसला आणि म्हणाला, "वाजू दे आप्पा. आता वारा जातोय."

संध्याकाळी मी एक अख्खं वाक्य बोललो. ते होतं, सुमनला निरोप पाठवा. डॉक्टरनं मग चौकशी केली आणि गोळी मनानं सोडल्याचं माझ्याकडून काढून घेतलं. त्याच्या तोंडावरचा भाव मी वर्गात फार वेळा वापरला आहे. तो आपल्याकडे वळला की कसं वाटतं ते तेव्हा कळलं. तो म्हणाला, शरीराला त्या गोळीची सवय झालेली असते. एकदम काढून घेतली, की संकटाच्या वेळी ते रिकाम्या हातानं उभं राहतं. कमी करायची तर डॉक्टरनं, हळूहळू, पायरी-पायरीनं. आणि धुरीच्या खोलीत डोकं घालायला कुणी सांगितलं होतं?

हा प्रश्न त्यानं मला विचारला, पण लागला आप्पांना.

सकाळी ते माझ्या खाटेशी येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

"मास्तर, तुमी मला सांगितलं न्हाई. आन मी माझ्या हातानं दार उगडून तुमाला धुरीत वाकवलं. तुमी गेला असता, तर तुमच्या लेकीनं मला जल्मभर कुठल्या डोळ्यानं बघितलं असतं?"

मी गेलं वर्षभर हेच मोजत होतो, की कळलं तर माझी लेक त्यांच्या नजरेत कशी होईल. ते तिच्या नजरेत कसे होतील, हा हिशेब मी मांडलाच नव्हता.

माझं बाळंतपण

डॉक्टरनं तीन आठवडे घाट चढू नका सांगितलं, शिवाय रोज येऊन छाती दाखवा. आता झालं असं, की लेकीला बाळंतपणाला न्यायला आलेला बाप लेकीच्याच सासरी खाटेवर. माझ्यासाठी वेगळी खोली सारवली, नव्या गादीचा कापूस नको म्हणून घोंगडीच्या घड्या घातल्या, शेडकडून वारा आला की आप्पा स्वतः खिडकी लावायचे. आल्याचा चहा, पेज, दुपारी झोप. आसपासच्या बायका बघायला यायच्या. एकीनं तर विचारलं, कितवा महिना. आक्कांनी तिला हाकलली, पण पदराआड हसल्या.

चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. पाचव्या दिवशी पेज ठेवताना म्हणाल्या, "खरं सांगते पावणं, लगनाआधी सांगितलं असतंसा तर मी न्हाई म्हटलं असतं. मग ही पोर माझ्या घरात आली नसती." त्यांनी पेजेवर झाकण ठेवलं. "म्हणून न्हाई सांगितलंसा ते बरं झालं. आन लय वाईट केलंसा."

नातवाला झाला तर, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, झाला तर झाला, आता ओळखाय तरी येतंय.

आणि खरंच येत होतं. हवालदार रोज संध्याकाळी येऊन सगळ्या घराची परेड घेत. एका श्वासात नाव-गाव सांगता येत नाही, तर वाट बघायची नाही. आडवं करायचं नाही, कोंडायचं नाही, झोपेचं काही द्यायचं नाही. पहाटेचा खोकला वाढला, की तेव्हाच डॉक्टर गाठायचा, धाप लागल्यावर नव्हे. धूर, धूळ, गंधक, यांना लांबून नमस्कार. रोजची गोळी रोज, सगळ्यांसमोर. आप्पांना हे सगळं तोंडपाठ झालं होतं आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणून दाखवत.

परतीची गाडी

निघायच्या दिवशी सगळे तासगावच्या स्टँडवर पोचवायला आले. सुमनची ओटी भरलेली, माझ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात गोळ्या. आप्पा गाडीत चढले आणि पार शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी कंडक्टरला सांगितलं, की हे आमचं व्याही, मास्तर, यांस्नी दमा हाय, यांच्या बाकाशेजारी कुणी विडी वडली तर माझं नाव सांगा. चाळीस माणसांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. तेवीस वर्षांचा संसार, त्याआधीचं अख्खं तारुण्य मी जे लपवलं, ते एका दमात विट्यापर्यंत पोचलं. दोघांनी विड्या विझवल्या.

गाडी सुटली. विटा मागे पडल्यावर पलीकडच्या बाकावरची एक बाई, मांडीवर टोपली घेऊन बसलेली, हळूच आमच्याकडे सरकली. तिनं विचारलं, दम्याला काय घेता. मी सांगितलं. मग पहाटे उठवतो का, बोलताना तुटतं का, नखं बघता का, असं मीच तिला विचारत गेलो आणि ती होय होय म्हणत गेली. तिला नव्हता. तिच्या मुलीला होता. अठरा वर्षांची मुलगी, कराडकडचं स्थळ आलेलं, येत्या रविवारी मंडळी बघायला येणार.

"तिला समजावून ठेवलंय, त्यांच्यापुढं खोकायचं न्हाई म्हणून," ती म्हणाली. मग टोपलीच्या काठाशी बोटं चाळवत म्हणाली, "सांगू का वो त्यास्नी?"

सांगा म्हणावं, तर आक्कांचे शब्द कानात होते. सांगितलं असतं तर सुमन आज माझ्या शेजारी असं भरलं पोट घेऊन बसलेली नसती. नका सांगू म्हणावं, तर ते मुठीतली गोळी घेऊन धुरात वर चढणं आठवलं. बाहेर कराडकडचा ऊस उन्हात हलत होता, मैलच्या मैल.

सुमन वाकून पुढं झाली आणि सासरच्या बोलीत तिला म्हणाली, "सांगा मावशी. न्हाई म्हणालं तर म्हणू द्यात. सांगून चालंल असलं घर हुडका."

हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. कराडच्या अलीकडे एका फाट्यावर बाई उतरली, आणि गाडी हलली तरी रस्त्याकडेला तशीच उभी होती. सुमननं माझ्या बाजूची काच वर सरकवली, धूळ येत होती म्हणून, आणि मला विचारलं, "आजची गोळी घेतली?" मी म्हटलं, नाही, विसरलो. तिनं सगळ्या गाडीदेखत माझ्या खिशातून बाटली काढली आणि हात पुढं केला.